जंगल शेळ्यांनी खाल्लं नाही

हिंगोली जिल्ह्यात वृक्षलागवडीच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, भाषणांत एक आरोप हमखास ऐकू येतो. पूर्वी इथं घनदाट अरण्य होतं. औंढ्याचा नागनाथ ज्या दारुकावनात प्रकटला ते हेच वन. पुढं लोकसंख्या वाढली, तांड्यावरच्या आणि वाड्यांवरच्या लोकांनी डोंगर नांगरले, बायकांनी मोळ्या वाहिल्या, शेळ्यांनी रोपं खाल्ली आणि डोंगर बोडके झाले. हीच मांडणी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत येते आणि शाळेच्या निबंधातही उतरते. ती इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिला पुरावा मागायचं आता कुणाला सुचत नाही. मी तो मागतो आहे. हिंगोलीच्या डोंगरावरचं झाड ज्यांच्या हातात कुऱ्हाड होती त्यांच्यामुळं कमी, आणि ज्यांच्या हातात दप्तर, दर आणि धोरण होतं त्यांच्यामुळं जास्त गेलं, असं माझं म्हणणं आहे.

आधी मान्य करायचं ते मान्य करतो. कळमनुरी, औंढा आणि सेनगाव तालुक्यांत वनखात्याच्या जमिनीवर नांगर चालतो. चोरटी तोड होते. शेळी कोवळा शेंडा खाते, आणि सतत चराई झालेल्या जागी नवं रोप उभं राहणं अवघड जातं. यातलं काहीही मी नाकारत नाही. वाद कारणाच्या क्रमाचा आहे. शेवटी जो दिसतो तोच गुन्हेगार धरायचा, आणि त्याच्या आधी शंभर वर्षं काय घडलं ते विचारायचंच नाही, ही पद्धत मला अमान्य आहे.

दारुकावनापासून सुरुवात करू. औंढ्यावरच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण ज्योतिर्लिंगाचं दारुकावन आपल्याकडं होतं असं गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वर सांगतं, उत्तराखंडातलं जागेश्वरही सांगतं. पुराणातल्या वनावरून जमीनवापराचा हिशेब मांडता येत नाही. औंढ्याच्या मंदिराचा दगडी पायथा यादवकाळातला आहे. एवढं मोठं बांधकाम जंगलाच्या उत्पन्नावर उभं राहत नाही, त्याच्या मागं शेतीचा वाढावा लागतो. नामदेवांची नरसी कयाधूच्या काठी तेराव्या शतकात नांदतं गाव होती. पूर्णा, कयाधू आणि पैनगंगा यांच्या खोऱ्यांतली काळी जमीन किती पिढ्या पेरली जाते आहे याची मोजदाद नाही. म्हणजे जंगल होतं ते प्रामुख्यानं डोंगरावर, अजिंठ्याच्या रांगेच्या फाट्यांवर: साग, धावडा, सालई, मोह, पळस, तेंदू. आणि डोंगर व काळ्या रानाच्या मधे जो मुरमाड माळ आहे तिथं दाट झाडी कधी असेल असं त्या जमिनीकडं पाहून वाटत नाही. वीतभर माती, खाली मुरूम, वर गवत आणि मधून मधून बोर, हिवर, बाभूळ. तो माळ होता आणि माळ म्हणूनच कामाचा होता. त्याला ‘उजाड झालेलं जंगल’ ठरवलं की दोन चुका एकदम होतात. गवतावर जगणाऱ्या माणसावर न केलेल्या तोडीचा ठपका येतो, आणि त्या गवतात खड्डे पाडून गिरिपुष्प, सुबाभूळ लावणं पुण्याचं काम ठरतं.

आता इतिहासाकडं. 1853 ला वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि हिंगोली निजामाच्या राज्याच्या सरहद्दीवरचं ठाणं झालं. हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी इथं होती, ती 1903 ला फौज ब्रिटिश सैन्यात विलीन होईपर्यंत. छावणी म्हणजे माणसं, घोडे, बैल, भट्ट्या. त्यांना सरपण, कोळसा आणि गवत रोज लागायचं. त्याच काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाचा भाव चढला, शेजारच्या वऱ्हाडात कापसाचं पीक पसरलं आणि हिंगोली कापसाची मोठी पेठ बनली. डोंगरपायथ्याची जमीन पेरण्याचा मोबदला पहिल्यांदा इतका वाढला तो तेव्हा. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्णा गावाहून हिंगोलीपर्यंत लोहमार्ग आला. गुराख्याच्या कुऱ्हाडीला जे शंभर वर्षांत पोचवता आलं नसतं ते लाकूड डब्यात भरून एका दिवसात राज्याबाहेर नेण्याची सोय झाली. हा सगळा काळ ‘लोकसंख्या वाढली’ या दोन शब्दांच्या कारणात बसत नाही.

निजामाच्या राज्यातली सगळी जमीन एका धन्याची नव्हती. दिवाणी मुलूख होता, खुद्द निजामाचा सर्फ-ए-खास होता, पायगा आणि जहागिरी होत्या, आणि जहागिरींखाली राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा होता. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आलं, 1949 ला जहागिरी खालसा झाल्या आणि त्यांच्यातली जमीन सरकारजमा झाली. जंगलाच्या सीमा कागदावर पक्क्या होत गेल्या. त्या सीमेच्या आत आधीपासून कोण राहतं, कोण चारतं, कोण मोह वेचतं याची नीट चौकशी करून हक्क नोंदवायला हवे होते. ते झालं नाही. हे मी एकटा म्हणत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकात संसदेनं स्वतः कबूल केलं आहे की वसाहतकाळात आणि स्वतंत्र भारतातही राज्याची वनं आखताना वनवासींचे हक्क पुरेसे मान्य झाले नाहीत, आणि हा ऐतिहासिक अन्याय आहे. ज्याला संसद अन्याय म्हणते त्यालाच जिल्ह्याच्या व्यासपीठावर अजून अतिक्रमण म्हणतात.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची. स्वातंत्र्याच्या आगेमागे ‘अधिक धान्य पिकवा’ ही देशभरची हाक होती. हैदराबादेत पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना लावणीनं देण्याचे नियम होते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आणि त्यांची मागणी न्याय्य होती: गायरान, पडीक, वनखात्याकडं नुसती पडून असलेली जमीन कसणाऱ्याला द्या. जमीनदाराच्या काळ्या रानाला फारसा धक्का न लावता गरिबाला जमीन द्यायची तर सरकारकडं डोंगर आणि माळ एवढंच उरत होतं. कमाल जमीनधारणेचा कायदा नीट राबवला असता तर भूमिहीनाला डोंगर चढावा लागला नसता. तो चढला तो धोरणानं दाखवलेल्या वाटेनं.

मग 1972 चा दुष्काळ आला. राज्य सरकारनं डिसेंबर 1978 च्या ठरावानं 1 एप्रिल 1972 ते 31 मार्च 1978 या काळातली वनजमिनीवरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. दुष्काळाची वर्षं त्या मुदतीत येतात. त्यानंतर दोन वर्षांत, 1980 ला, केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला आणि वनजमीन वळती करायला दिल्लीची परवानगी लागू लागली. ठराव एकीकडं, कायदा दुसरीकडं, आणि मधे लटकलेला माणूस. गायरानाबाबत नोव्हेंबर 1991 च्या ठरावानं पुन्हा तीच रीत पुढं नेली: 1 एप्रिल 1978 ते 14 एप्रिल 1990 या काळात ज्यानं जमीन कसल्याचं दिसेल त्याला ती मिळेल.

या सगळ्या ठरावांनी जमिनीवर काय केलं ते नीट पाहायला हवं, कारण जंगल जाण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण इथं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. ताबा सिद्ध करायचा तर पुरावा कशाचा? पीकपेऱ्याचा. वनखात्यानं केलेल्या दंडाच्या पावतीचा. म्हणजे दरवर्षी नांगरावं लागतं, पेरावं लागतं आणि पकडलंही जावं लागतं. ज्यानं चार एकरांत दोन एकर मोह, पळस, धावडा तसाच ठेवला, त्याच्या त्या दोन एकरांवर ताब्याचा पुरावाच उरत नाही. ज्यानं सगळं साफ केलं त्याचा दावा भक्कम. झाड राखणाऱ्याला नियमात जागा नव्हती आणि झाड तोडणाऱ्याला होती. चाळीस-पन्नास वर्षं हे असंच चालल्यावर डोंगर उघडा पडला तर दोष नांगर धरणाऱ्याच्या स्वभावात शोधायचा की ज्यानं नांगरण्याला पट्ट्याची अट केलं त्याच्या लेखणीत?

धरणांबद्दल थोडक्यात. साठच्या दशकात पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर उभी राहिली, पुढं पैनगंगेवर इसापूर. पाणी आलं, वसमतकडचा भाग ओलिताखाली आला, आणि त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण बुडाली ती खोऱ्यातली कसदार जमीन, आणि मोबदल्याच्या रकमेत तशी जमीन बाजारात मिळत नाही. औंढा आणि सेनगावच्या कोरडवाहू डोंगरगावांना त्या पाण्याचा फारसा लाभ झाला नाही. जमिनीचा भार कुठल्या बाजूला सरकला असेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मागच्या तीस-पस्तीस वर्षांतला सर्वांत मोठा बदल मात्र वनजमिनीवर झालाच नाही. तो सातबाऱ्याच्या खासगी शेतात झाला, आणि जंगलावर त्याचे घाव पडले. मराठवाड्यात ज्वारी मागं पडली आणि सोयाबीन आलं. शेतकऱ्यानं हा बदल हौसेनं केला नाही. ज्वारीला भाव नव्हता, रेशनवर गहू-तांदूळ आले, सोयाबीन सव्वातीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसे देत होतं. पण ज्वारी नुसतं धान्य देत नव्हती. ती कडबा देत होती, आणि कडब्याच्या गंजीवर गावातली ढोरं उन्हाळा काढत होती. सोयाबीनच्या कुटारावर तशी बेगमी होत नाही. कडबा गेला तशी ढोरं एक तर बाजारात गेली नाही तर डोंगरावर गेली. गाय-बैल सांभाळणं ज्याला परवडेना त्यानं दोन शेळ्या घेतल्या, कारण शेळी विकत चारा मागत नाही. म्हणून आज डोंगरावर दिसणारी शेळी ही जंगल जाण्याचं मूळ नाही. खाली रानात काय पेरलं गेलं त्याचा तो परिणाम आहे.

त्याच बदलात बांधावरचं झाड गेलं. पूर्वी बाभळीला किंमत होती: नांगर, वखर, तिफण, बैलगाडीचे भाग तिच्यापासून व्हायचे, शेंगा शेळ्यांना, काटे कुंपणाला. गावचा सुतार बांधावरची कुठली बाभूळ कधी तोडायजोगी होईल हे वर्षानुवर्षं पाहत असायचा. माणसं झाड वापरत होती म्हणून राखत होती. ट्रॅक्टर आला, बैलगाडी गेली, सुतार शहरात गेला आणि बाभळीचं काम संपलं. उरली तिची सावली, जिच्याखाली सोयाबीन कमी येतं, आणि तिचं खोड, ज्याला ट्रॅक्टरचा फाळ अडतो. भरीला बांध कोरून शेत वाढवायची सवय. त्यात 1964 चा झाडतोडीवर नियंत्रण ठेवणारा कायदा. हेतू चांगला, पण शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर सागाचं किंवा आणखी एखाद्या संरक्षित जातीचं रोप बांधावर मोठं झालं की परवानगीचे हेलपाटे सुरू. मग रोप हातभर असतानाच उपटणं सोपं. लग्नाच्या किंवा दुष्काळाच्या वर्षी जुनं लिंब, आंबा लाकडाच्या व्यापाऱ्याला उभ्यानं विकला जातो, त्याच्या जागी दुसरा लावला जात नाही. हे जंगलाच्या कुठल्याही नकाशावर दिसत नाही, आणि सरपणासाठी डोंगरावर जाणाऱ्या बाईची चाल मात्र लांबत जाते, कारण बांधावरचं जळण संपलेलं असतं.

जळणाचा विषय निघालाच आहे तर हळदीबद्दल बोलायला हवं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं हळद संशोधन केंद्र होत आहे. हे पीक जिल्ह्याची मान उंचावणारं आहे. पण हळद काढली की ती शिजवावी लागते, आणि शिजवायला जळण लागतं. पूर्वी कढईत शिजायची, आता वाफेच्या बॉयलरात शिजते. वाफेवर जळण कमी लागतं, तरी बॉयलरखालीही बऱ्याच ठिकाणी लाकूडच जळतं. हंगामात हजारो शेतांवर एकाच वेळी भट्ट्या पेटतात. सरपणाच्या मोळीवर भाषणं करणाऱ्यांनी या भट्ट्यांचा हिशेब कधी मांडलेला मी पाहिला नाही. डोक्यावरची मोळी बहुतेकदा वाळक्या काटक्यांची असते. भट्टीला ओंडके लागतात. हळद पिकवणाऱ्याला मी दोषी धरत नाही, त्याच्यासमोर दुसरा स्वस्त मार्ग ठेवलेला नाही. संशोधन केंद्राच्या कामात बियाणं आणि कुरकुमीन यांच्याबरोबर जळणाचा प्रश्न पहिल्या पंक्तीत असावा, एवढी मागणी रास्त आहे.

आता आकड्यांचा आधार घेणाऱ्यांसाठी. भारतीय वन सर्वेक्षण दर दोन वर्षांनी अहवाल काढतं आणि त्यात जिल्हावार वनाच्छादन असतं. त्याची व्याख्या वाचावी. एक हेक्टरपेक्षा मोठा, दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेला कुठलाही तुकडा वनाच्छादनात मोजला जातो, मालकी कुणाचीही असो, झाड कुठलंही असो. फळबागही त्यात येते. म्हणून डोंगरावरचा धावडा गेला आणि पायथ्याला आंब्याची बाग आली, तर बेरीज जुळलेली दिसू शकते. 2016 ते 2019 या चार वर्षांत राज्यानं 2 कोटी, 4 कोटी, 13 कोटी आणि 33 कोटी रोपांची उद्दिष्टं जाहीर केली. त्यातली जगली किती याची चौकशी करायला पुढं विधिमंडळाची समिती नेमावी लागली. रोपाच्या खड्ड्यांची मोजणी म्हणजे जंगलाचा इतिहास नव्हे आणि भविष्यही नव्हे.

गरीबच जबाबदार, हे म्हणणं ज्यांना सोडवत नाही त्यांनी 2022 आठवावं. मुंबई उच्च न्यायालयात गायरान अतिक्रमणांचा विषय आला, राज्यभरात सुमारे 2 लाख 22 हजार अतिक्रमणांचा आकडा पुढं ठेवला गेला आणि नोटिसा निघाल्या. घर पडेल या भीतीनं कितीतरी गावांत माणसं हवालदिल झाली. पुढच्याच वर्षी शेतीसाठी सौरऊर्जेच्या योजनेत सरकारी आणि गायरान जमीन नाममात्र भाड्यानं प्रकल्पांना देण्याचं धोरण आलं. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. पण एकाच गायरानावर भूमिहीनाचं छप्पर पर्यावरणाचा गुन्हा ठरतं आणि काचेचे फलक विकास ठरतात, तेव्हा चिंता गवताची आणि झाडांची नाही हे उघड होतं. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची आखणी याच जिल्ह्यातून जाते. तिच्यात जाणाऱ्या झाडांबद्दल वृक्षलागवडीच्या व्यासपीठावर एवढी तळमळ ऐकू येत नाही.

गरिबाच्या हातात जंगल दिलं तर ते उरेल का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तर देतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिनं तेंदूपानाची तोडणी स्वतःहून बंद केली, कारण तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लावल्या जातात. हातचं उत्पन्न सोडणारी ही माणसं श्रीमंत नव्हती. नगर जिल्ह्यात हिवरे बाजारनं कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी गावच्या सभेत ठरवली आणि पाळली. तिथंही शेळ्या होत्या. फरक हा, की आज राखलेलं उद्या आपल्याच पदरात पडेल याची त्यांना खात्री होती.

हिंगोलीत ती खात्री का नाही? कळमनुरीला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, डोंगरपट्ट्यात आंध आदिवासींची गावं आहेत, बंजाऱ्यांचे तांडे आहेत. गडचिरोलीसारखे सामूहिक हक्क मात्र मराठवाड्यात नावापुरतेच दिसतात. वैयक्तिक दाव्यांत बंजाऱ्याची गोष्ट वेगळीच अडते. तेलंगणात हाच समाज अनुसूचित जमातींत आहे, महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत आहे. एकाच निजामाच्या राज्यात राहिलेले दोन भाऊ. आदिलाबादच्या बाजूला गेलेल्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. सेनगावच्या बाजूला राहिलेल्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, म्हणजे 1930 पासूनचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. 1930 ला इथलं दप्तर उर्दूत होतं, मोडीत होतं, आणि त्यातलं बरंच हैदराबादेत होतं. तांड्यावरच्या माणसानं ते कुठून आणायचं?

आणता येतं, हे सरकारनंच दाखवून दिलं आहे. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या, तेव्हा न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकाळातली कागदपत्रं मागवली, उर्दू आणि मोडी वाचणारे लावले, जिल्ह्याजिल्ह्यांत दप्तरं उघडली. हे काम योग्यच झालं. मग त्याच दप्तरांत हिंगोलीच्या डोंगरगावांचे जुने पाहणी कागद, वस्त्यांच्या आणि चराईच्या नोंदी वनहक्कासाठी का शोधल्या जात नाहीत? वनहक्काचे नियम तर याहून पुढं जातात. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरावा असं ते सांगतात, आणि केवळ सरकारी कागद नाही म्हणून दावा फेटाळण्याला त्यांत जागा नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात तो स्थगितही केला. दावे कसे फेटाळले गेले, नीट प्रक्रिया पाळली गेली का, हा प्रश्न तेव्हा देशापुढं आला. हिंगोलीत त्याचं उत्तर गावागावांतून मिळायला हवं: कुठल्या ग्रामसभेचा दावा, कुठल्या कारणानं, कुठल्या पुराव्याअभावी नाकारला, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे. जो पुरावा मागितला गेला तो सरकारच्याच कपाटात असेल तर तो शोधून फाईलला लावण्याचं काम तहसीलचं आहे, आणि ते होईपर्यंत त्या डोंगरावरच्या एकाही माणसाला जंगल खाणारा म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.